वळचणीचा कप

मित्रांनो, मी एक जुना कप आहे. तसं पाहिलं तर नवाही आहे, कारण माझा जन्म दोनदा झाला. पहिल्या जन्मी मी पांढराशुभ्र होतो आणि माझ्या काठाला निळी रेघ होती. आता मी खानापूरच्या मातीचा, तांबडा आहे आणि माझ्या अंगभर पांढरे-निळे ठिपके आहेत. दोन जन्मांच्या मधला थोडा काळ मी खलबत्त्यात काढला. माझी हकीकत ऐकून तुम्हांला बरं वाटेलच असं नाही, पण ती पहिल्यापासून ठाऊक असलेला आता मी एकटाच उरलो आहे.

कुठल्यातरी लांबच्या कारखान्यात मी साच्यातून निघालो, भाजलो आणि पेंढ्यात गुंडाळून पेटीत बसलो. उजेड दिसला तो एकदम बेळगावच्या खडेबाजारात, भांड्यांच्या एका दुकानाच्या फळीवर. तिथून जवळच्या कंग्राळी गावच्या मारुतीरावांच्या बायकोनं, रुक्माबाईंनी, मला माझ्या भावंडांसकट घरी नेलं. कंग्राळीत तेव्हा चिनी मातीचे कप फार घरांत नव्हते. आम्ही स्वयंपाकघराच्या फळीवर ओळीनं बसायचो आणि पाहुणे आले की ऐटीत बाहेर जायचो. सगळ्यांत मिजासखोर मी होतो, कारण माझी निळी रेघ सगळ्यांत ठळक होती.

ही मिजास एका दिवाळीत उतरली. घासताना कुणाच्या तरी हातून मी निसटलो आणि माझा कान तुटला. कानाच्या जागी दोन खुंट तेवढे राहिले. बिनकानाचा कप पाहुण्यांपुढे ठेवता येत नाही, आणि फेकून द्यायला रुक्माबाईंचा जीव होईना.

"ऱ्हाऊ दे, यल्लव्वाला हुईल," असं म्हणून त्यांनी मला मागच्या गोठ्यात नेलं आणि वळचणीला, कौलांखाली भिंतीत एक खाच होती तिथे, ठेवून दिलं.

यल्लव्वा त्यांच्या शेतात राबणारी बाई, गावाबाहेरच्या वस्तीतली. त्या वस्तीतल्या माणसाला घरातल्या भांड्यात काही द्यायचं नाही, हा तेव्हा गावाचा नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, तरी तो घरातल्या लहानात लहान पोराला पाठ होता. यल्लव्वा कामावर आली की वळचणीतून मला आपल्या हातानं काढायची, दोन्ही हातांत धरून वाकायची, आणि रुक्माबाई वरून चहाची धार सोडायच्या. चहा पिऊन झाला की यल्लव्वा मला राखेनं घासून धुवायची आणि पालथं घालून परत खाचेत ठेवायची. रुक्माबाई मनानं वाईट नव्हत्या, असं पुढे पुष्कळांनी म्हटलं. असेलही तसं. मी वळचणीतून त्यांचा नुसता हात बघितला, आणि तो हात कधी खाली आला नाही.

यल्लव्वाचा अंगठा मात्र नेहमी माझ्या तुटक्या कानाच्या खुंटावर यायचा. चहा गरम असेल तर ती त्या खुंटावर बोट टेकवून वाट बघत बसायची. घरातल्या फळीवर असताना मला एवढा वेळ कुणी हातात धरलं नव्हतं, हेही खरं आहे.

मित्रांनो, आता भरमूचं सांगतो. भरमू हा यल्लव्वाचा पहिला मुलगा. त्याचं बोलणं अजून बोबडं होतं. उन्हाळी भुईमुगाच्या शेंगा तोडायचं काम चाललं होतं आणि भरमूला ताप होता. त्याचा बाप मायाप्पा निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला गेलेला, म्हणून यल्लव्वानं पोराला कामावर आणलं आणि गोठ्याच्या सावलीत गोणपाटावर निजवलं. दुपारी तो उठला आणि पाणी मागू लागला. यल्लव्वानं मला काढलं. रुक्माबाईंनी वरूनच पाणी घातलं. तापानं फणफणलेल्या पोराला निदान त्या दिवशी घरातल्या तांब्यानं पाणी द्यावं, हे कुणालाच सुचलं नाही, यल्लव्वालाही नाही.

भरमूनं मला दोन्ही हातांनी धरलं. त्याचे ओठ माझ्या निळ्या रेघेवर टेकले तेव्हा ते नुकत्या ओतलेल्या चहासारखे कढत होते. अर्धं पाणी पिऊन त्यानं तोंड फिरवलं.

"ऱ्हाऊ दे. उठला म्हंजे पिईल," असं स्वतःशीच म्हणत यल्लव्वानं मला वळचणीला ठेवलं, आणि पहिल्यांदाच पालथं न घालता सरळ ठेवलं.

भरमू उठला नाही. दिवस कलायच्या आत ती त्याला खांद्यावर टाकून वस्तीकडे निघाली. जाताना ती अगदी सावकाश चालत होती, त्यावरून मला काय ते कळलं.

काही दिवसांनी ती परत कामावर आली. आल्या आल्या तिनं वळचणीत हात घालून मला काढलं आणि आत बघितलं. पाणी नव्हतं. बुडाशी नुसतं पांढुरकं कडं उरलं होतं.

"वैनी, ह्येच्यातलं पाणी कुणी वतलं?" तिनं विचारलं.

"तुज्या कपाला कोण हात लावतंय गं?" रुक्माबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

यल्लव्वानं बुडाच्या त्या कड्यावरून बोट फिरवलं. पाणी उन्हानं आटलं होतं. हे मला ठाऊक होतं आणि सांगता येत नव्हतं. मला तोंड आहे ते दुसऱ्यांनी लावायला.

पुढे मायाप्पा वारला. दुसरा मुलगा यशपाल वाढला, शिकला आणि बेळगावात सरकारी कचेरीत लागला. त्यानं आईला सांगितलं की आता कुणाच्या दारात जायचं नाही. शेवटच्या दिवशी रुक्माबाईंनी यल्लव्वाला एक लुगडं देऊ केलं.

"लुगडं नगो वैनी. त्यो कप द्या," यल्लव्वा म्हणाली.

"त्यो फुटका? काय करतीस त्येला?"

"ऱ्हाऊ दे की माज्यापाशी."

सगळ्या वर्षांत तिनं त्या घरात मागितलेली ती एकच वस्तू. रुक्माबाई हसल्या आणि मानेनंच घेऊन जा म्हणाल्या.

यशपालनं बेळगावात घर बांधलं. वर गच्ची, गच्चीला कठडा. घरात स्टीलची भांडी आली, काचेचे पेले आले, पण यल्लव्वा चहा प्यायची तो माझ्यातूनच. पिऊन झाला की मला धुवायची आणि गच्चीच्या कठड्यावर पालथं घालून ठेवायची. यशपालला ते आवडत नसे. तो काही म्हणाला की ती ऐकू न आल्यासारखं करायची. हळूहळू त्यानं त्यावर बोलणं सोडून दिलं.

सोनम ही यशपालची मुलगी. ती लहानपणापासून मातीत हात घालणारी. कॉलेज संपल्यावर ती खानापुरात मातीकाम शिकून आली आणि तिनं गच्चीवर पत्र्याच्या शेडमध्ये चाक मांडलं, विजेची भट्टी बसवली. वाट्या, थाळ्या, कप, लोणच्याची भांडी, सगळं ती घरीच हातानं घडवायची. खानापूरची तांबडी माती पोत्यांतून यायची. ती भिजवायची, पायानं तुडवायची, हातानं मळायची, चाकावर चढवायची, सावलीत वाळवायची. मग एकदा भाजायची, वरून काचेसारखी झिलई द्यायची आणि पुन्हा भाजायची. कठड्यावर पालथा पडून मी हे सगळं बघत असे. आमच्या कारखान्यात सगळं घाईत उरकलं होतं. इथे ही पोरगी एका वाटीच्या काठावरून इतक्या वेळा बोट फिरवायची की मला त्या वाटीचा हेवा वाटायचा.

तिनं आजीसाठी एक सुरेख कप केला, मोठ्या कानाचा. यल्लव्वानं तो हातात घेऊन पाहिला, चांगला झालाय म्हणाली, आणि चहा माझ्यातच ओतून घेतला. सोनमनं दुसरा केला. त्याचीही तीच गत झाली. तिला एकच हवं होतं, आजीनं घरातल्या फळीवरच्या कपातून, घरात बसून चहा प्यावा.

एके दिवशी माधवी नावाच्या बाई भांडी घ्यायला आल्या. नव्या घरासाठी त्यांना थाळ्या हव्या होत्या. सोनम त्यांना शेडमध्ये एकेक थाळी दाखवत होती. तेवढ्यात यल्लव्वानं चहा संपवला, नळाखाली मला घासून धुतलं, कठड्यावर पालथं घातलं आणि जिन्यानं खाली गेली. माधवीबाई कौतुकानं बघत होत्या.

"तुमची बाई चांगली आहे हो," त्या म्हणाल्या. "आपला कप आपण धुऊन वेगळा ठेवते. आमच्याकडच्या बाईला सांगून सांगून थकले."

सोनमनं हातातली थाळी खाली ठेवली. ती माझी आजी आहे, एवढंच ती म्हणाली. माधवीबाई लाजल्या, पुन्हा पुन्हा सॉरी म्हणाल्या, थाळ्या घेऊन गेल्या. त्या गेल्यावर सोनम कठड्यापाशी आली आणि माझ्याकडे बघत राहिली. माझी गोष्ट, म्हणजे गोठ्याची आणि वरून सोडलेल्या धारेची, तिला बापाकडून कळलेली होती. भरमूची कुणालाच नव्हती. यशपालला आपल्या आधी एक भाऊ होऊन गेला एवढंच माहीत होतं, आणि त्यानं कधी आईला विचारलं नव्हतं.

तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि दात आवळलेले होते. तिनं मला उचललं, फडक्यात गुंडाळलं, लोखंडी खलबत्त्यात घातलं आणि बत्ता घातला.

कप फुटला की संपला, असं तुम्हांला वाटत असेल. मलाही तसंच वाटलं होतं. पण मातीकामात भाजलेल्या भांड्याची भरड कच्च्या मातीत घालतात, म्हणजे नवं भांडं आकसताना तडकत नाही. सोनमनं मला कुटलं, चाळणीनं चाळलं आणि खानापूरच्या मातीत मळून घेतलं. मळताना ती पुटपुटत होती, "आता बघू कोण तुला बाहेर ठिवतंय." तिला मी म्हणजे सगळा गोठा वाटत होतो. तिचा राग खोटा नव्हता. धार वरूनच पडायची आणि वाकून उभी राहायची ती तिचीच आजी. चूक एवढीच की कुटण्याआधी ती खाली जाऊन आजीला एक शब्द बोलली नाही.

संध्याकाळी यल्लव्वा गच्चीवर आली. तिला मोतीबिंदूमुळे कमी दिसायचं. तिनं कठड्यावर हात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत. "सोनम, कप बघितलास का गं?" तिनं विचारलं.

"न्हाय आज्जी. पडला असंल कुठंतरी. म्या तुला दुसरा देतो की नवा," सोनम म्हणाली. इकडच्या पोरी 'देतो' म्हणतात, तशी.

यल्लव्वा खाली गेली. दुसऱ्या दिवशी तिनं चहा घेतला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. यशपाल रागावून झाला, समजावून झाला. ती वाद घालत नव्हती, नुसती नको म्हणत होती. मग जेवणही कमी झालं. गच्चीवर येऊन कठड्यावर हात फिरवणं तेवढं चालू होतं. खाली रस्त्यावर पडला असेल म्हणून ती एकदा गटारीच्या कडेला वाकून बघत होती, तिला शेजारच्यांनी धरून आत आणलं.

सोनम घाबरली. घाबरली आणि घाई करू लागली. माझ्या भरडीच्या मातीचे तिनं कप केले होते, सगळे चांगल्या जाड कानाचे. ते सावलीत सावकाश वाळायला हवे होते. हवा दमट होती, पाऊस हटत नव्हता. तिनं ते पंख्याखाली वाळवले आणि ओल पुरती जायच्या आधीच भट्टीत घातले. मित्रांनो, मातीत ओल राहिली की भट्टीत तिची वाफ होते आणि वाफेला बाहेर पडायला वाट हवी असते. आत एकामागून एक कप फुटत गेले. मी सोनमच्या हातचा, तिच्या मायेचा, आणि तरी मी आगीत एवढंच म्हणत होतो की मला या खेपेला तरी धड बाहेर येऊ दे.

भट्टी उघडली तेव्हा त्यांतला एकच कप, म्हणजे मी, उभा होतो. पण माझा कान गळून बुडाशी पडला होता. त्या जागी परत दोन खुंट. आणि खुंटापासून बुडापर्यंत केसाएवढी बारीक चीर. सोनम मला हातात घेऊन रडली. दुसरं काही जवळ नव्हतं, म्हणून तिनं मला तसंच झिलई देऊन पुन्हा भाजलं. झिलईखाली ती चीर दिसेनाशी झाली, बुजली मात्र नाही.

ती दुसरी भट्टी निवली त्या दुपारी तिनं माझ्यात थोडा चहा ओतला आणि मला आजीच्या हातात दिलं. यल्लव्वा अंथरुणावर बसली होती. तिचा अंगठा सवयीनं सरकत खुंटावर आला आणि थांबला.

"ह्यो कुठनं आला?" तिनं विचारलं.

"तुजाच हाय आज्जी." सोनमला खोटं रेटवेना. "म्या त्यो कुटला. मातीत घातला. त्येचाच ह्यो केला."

"कुटलास?"

"व्हय. त्यांच्या गोठ्यातला कप त्यो. तुज्यासाठी वळचणीला ठिवत हुते त्ये... कशाला जपायचा आज्जी? तू आजून बी भाईरच ठिवतीस. लोक तुला कामवाली समजत्यात."

यल्लव्वानं मला मांडीवर टेकवलं. चहा निवला.

"तुला काय वाटलं," ती म्हणाली, "म्या आजून त्यांच्या गोठ्यातच हाय? न्हाय गं. त्यास्नी म्या कवाच सोडलं." मग तिनं माझ्या काठावरून बोट फिरवलं, जिथे पूर्वी निळी रेघ असायची तिथून. "भरमू ह्येच्यातनं पाणी प्यालता. शेवटचं. तुज्या बाच्या आधीचा माजा भरमू."

सोनम तिच्याजवळ अंथरुणावर बसली. यल्लव्वा सांगत गेली, शेंगांचं, गोणपाटाचं, अर्ध्या पाण्याचं. आवाज कुठे चढला नाही.

"म्या परत गेले तवा पाणी नव्हतं. म्या इचारलं, कुणी वतलं. वैनी म्हणल्या, तुज्या कपाला कोण हात लावतंय. खरंच की ते. त्या घरात माज्या कपाला कोण हात लावणार? मग कुणी प्यालं सांग?"

आयुष्यभराचा अपमान होता तो, आणि त्याच अपमानाच्या आधारानं या बाईनं आपलं पोर तहानेलं गेलं नाही असं मानून घेतलं होतं. हे दोन्ही एकाच कपात होतं आणि तो कप सोनमनं कुटला होता.

"तुज्या फळीवरच्या कपात मला च्या दे," यल्लव्वा म्हणाली. "कुठल्या बी दे. ह्यो त्येचा हाय."

त्या संध्याकाळी तिनं मला धुऊन अर्धं पाण्यानं भरलं आणि गच्चीच्या कठड्यावर सरळ ठेवलं. आणि माझी चीर झिरपू लागली. थेंब थेंब पाणी बुडाखाली जात राहिलं आणि कठड्याच्या सिमेंटनं ते शोषून घेतलं. सकाळी ऊन आलं तेव्हा ओलीचा डागही राहिला नव्हता.

यल्लव्वा जिना चढून आली. मागे सोनम होती. यल्लव्वानं माझ्यात बोट घालून तळ चाचपला. तळ कोरडा होता.

"प्याला वाटतं गं," ती म्हणाली.

सोनमला चीर माहीत होती. तिनंच ती झिलईखाली झाकली होती. तिचे ओठ हलले, आणि क्षणभर मला भीती वाटली की शिकलेली पोरगी आता खरं ते सांगणार.

"व्हय आज्जी," ती म्हणाली. "प्याला."

थंडी सुरू झाली तशी यल्लव्वा गेली. तोवर ती रोज फळीवरच्या मोठ्या कानाच्या कपातून चहा प्यायची, घरात बसून. सोनमला हवं होतं ते मिळालं, पण तिच्या तोंडावर आनंद मी बघितला नाही. परवा यशपालनं मला उचलून उजेडात धरलं. "ह्यो गळतोय की गं. चिकटवून देऊ का?" असं त्यानं विचारलं. सोनमनं मला त्याच्या हातातून काढून घेतलं, अर्धं भरलं आणि परत कठड्यावर ठेवलं.

मित्रांनो, जुनी भांडी आपली कहाणी सांगून झाली की तुमच्याकडे एक मागणं मागतात, आम्हांला जपा, फुटलो तर सांधा. मी तसं काही मागत नाही. कुणाच्या जुन्या वस्तूचा तुम्हांला राग आला, तो राग अगदी खरा असला, तरी ती फोडण्याआधी तिच्या धन्यापाशी थोडं बसा आणि विचारा. माझ्या सोनमला ते सुचलं नाही. आणि कधी आमच्या गच्चीवर आलात तर माझी चीर बुजवू नका. सकाळी मी रिकामा दिसलो, तर पाणी कुठं गेलं म्हणून विचारू नका.